सोलापुरातल्या डॉक्टरांना खुलं पत्र: आमचं आयुष्य कसं असेल, हे आम्हाला विचारा

प्रति,
सोलापूर शहरातली आणि जिल्ह्यातली सर्व डॉक्टर मंडळी

सप्रेम नमस्कार.

मणक्याला मार लागलेला, मधुमेहामुळे पाय कापावा लागलेला, नजर गेलेला माणूस धाराशिवचा असो, लातूरचा असो, विजयपूर किंवा कलबुर्गीकडचा असो, यातले कितीतरी जण शेवटी आपल्या शहरातल्या दवाखान्यांत येतात. तुम्ही त्यांना वाचवता. मलाही तुमच्यापैकीच काहींनी वाचवलं आहे. ती कृतज्ञता मनात आहे, आणि ती आहे म्हणूनच हे मोकळेपणाने लिहितो आहे.

जीव वाचल्यावर तुम्ही बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलता. त्या बोलण्यात दोन गोष्टी असतात. या शरीराचं पुढे काय होणार, ही पहिली. या माणसाचं आयुष्य कसं असणार, ही दुसरी. पहिली तुमची विद्या आहे, त्यात आम्ही बोलणार नाही. दुसरी मात्र अंदाज असते. नातेवाइकांना दोन्ही एकाच तोंडून, एकाच सुरात ऐकू येतात, आणि दोन्ही सारख्याच पक्क्या वाटतात.

हा दुसरा अंदाज चुकतो, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकतो. १९९४ साली अमेरिकेत अपघात विभागात काम करणाऱ्या डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांना विचारलं होतं की, मज्जारज्जूला गंभीर इजा होऊन हातपाय गेले, तर आपण जिवंत आहोत याचा तुम्हाला आनंद वाटेल का? १८ टक्के लोक हो म्हणाले. तशी इजा होऊन प्रत्यक्ष जगणाऱ्यांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा ९२ टक्के हो म्हणाले. पुढे २०२१ मध्ये तिथल्याच ७१४ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. गंभीर अपंगत्व असलेल्यांचं जगणं इतरांपेक्षा खालच्या दर्जाचं असतं, असं त्यातल्या ८२.४ टक्के डॉक्टरांचं मत होतं. हे आकडे अमेरिकेतले आहेत. पण आपल्याकडच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून जे कानावर पडतं, त्यावरून इथला आकडा फार वेगळा असेल असं मला वाटत नाही.

मी पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. अपघाताआधी त्याच कारखान्यात जॉबर होतो, लूम दुरुस्त करायचो. आता कमरेखाली काही जाणवत नाही, व्हीलचेअर वापरतो. आकड्यांची सवय लागल्यावर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. आमच्यासारखे काही जण नव्याने जखमी झालेल्यांच्या घरी जाऊन बसतात, त्यांच्यात मीही असतो. पुस्तकातलं आणि घरातलं दोन्ही ताडून पाहता आलं, म्हणून हे लिहायचं धाडस करतो.

माझ्या वेळी एका डॉक्टरांनी माझ्या बायकोला सांगितलं, "आता यांच्यात काही राहिलं नाही. तुम्ही तुमचं बघा." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी रात्रभर जागून माझ्यावर उपचार केले होते. पण त्या एका वाक्यावर आमच्या घरात कितीतरी निर्णय झाले. फिजिओला पैसे कशाला घालवायचे, असं मोठ्यांनी ठरवलं. माझी खाट मागच्या अंधाऱ्या खोलीत गेली, कारण पुढच्या खोलीत पाहुणे येतात. मुलीचं शिक्षण थांबवून तिला घरी बसवायचं, इथपर्यंत बोलणं आलं होतं. बायको ठाम राहिली म्हणून तेवढं टळलं. हे सगळं माझ्या मणक्यामुळे झालं नव्हतं. "काही राहिलं नाही" या अंदाजामुळे झालं होतं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर तुम्ही म्हणाल की हा माणूस फक्त सोयीचं तेवढं सांगतो.

अपंगत्व आलं तरी माणूस वर्ष-दोन वर्षांत पूर्वीइतकाच सुखी होतो, असं बरेच जण सांगतात, आणि पुरावा म्हणून १९७८ च्या एका अमेरिकन अभ्यासाकडे बोट दाखवतात. त्यात लॉटरी लागलेल्यांची आणि अपघाताने लुळे पडलेल्यांची तुलना होती. तो अभ्यास तसं म्हणत नाही. त्यात अपघातग्रस्त होते अवघे २९, आणि त्यांचं समाधान इतरांपेक्षा स्पष्ट कमी होतं. फक्त लोकांना वाटतं तितकं ते तळाला गेलेलं नव्हतं, मोजपट्टीच्या मध्याच्या वरच होतं. नंतर जर्मनी आणि ब्रिटनमध्ये हजारो लोकांना दरवर्षी तेच प्रश्न विचारून माहिती गोळा झाली. त्यात अपंगत्व येण्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच माणसाचे मिळतात. रिचर्ड लुकास यांनी २००७ मध्ये ते तपासले. दीर्घकाळच्या अपंगत्वाने समाधान घसरतं आणि बऱ्याच जणांचं ते पूर्ववत होत नाही, असं त्यांना दिसलं. ब्रिटनच्याच माहितीवरून २००८ मध्ये ऑस्वल्ड आणि पौडथवी यांनी हिशेब मांडला, की गमावलेल्यापैकी साधारण ३० ते ५० टक्के परत येतं. म्हणजे थोडं भरून येतं, सगळं नाही.

तर "काही राहिलं नाही" हे जसं खरं नाही, तसं "सवय होते हो, काही वाटत नाही मग" हेही खरं नाही. माझं स्वतःचं विचाराल, तर लूमच्या आवाजात उभं राहून काम करण्याची मजा गेली ती गेलीच. ती परत आली असं सांगून मी कुणाला धीर देणार नाही.

मग खरं काय? १९९९ मध्ये आल्ब्रेख्त आणि डेव्हलिगर या दोन संशोधकांनी गंभीर अपंगत्व असलेल्या १५३ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. ५४.३ टक्के लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम आहे असं सांगितलं. उरलेल्यांकडेही नीट पाहायला हवं, कारण आपल्याला करण्यासारखं काम तिथेच आहे. त्यांच्या बोलण्यात वेदना आणि थकवा यायचा, शरीरावर ताबा न राहणं यायचं. समाधानी असलेल्यांच्या बोलण्यात कुणासाठी तरी काही करता येणं, घरातली आपली जागा, देवावरची श्रद्धा, आपल्या दिवसावर आपला ताबा अशा गोष्टी यायच्या. दोन्ही गटांत अपंगत्व गंभीरच होतं.

मी हिशेबनीस आहे, मला खर्चाची रक्कम एकगठ्ठा लिहिलेली चालत नाही. अपंगत्वाने जे समाधान जातं, त्यातही किती इजेच्या खात्यावर आणि किती आजूबाजूच्या परिस्थितीच्या खात्यावर, हे वेगळं मांडायला हवं. तुम्ही सगळं इजेच्या नावावर टाकता. त्यामुळे कमी करता येण्यासारखा खर्चसुद्धा कायमचा समजला जातो.

पैशाचं बघा. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांच्या दीर्घकालीन पाहणीवरून २००५ मध्ये एक निष्कर्ष निघाला. अपंगत्व येण्याआधी ज्यांची मालमत्ता मधल्या रेषेच्या वर होती, त्यांच्या समाधानातली घसरण खालच्यांपेक्षा खूपच कमी होती. अपंगत्व दोघांनाही आलेलं होतं, फरक गाठीला असलेल्या पैशाचा होता. अमर्त्य सेन हेच वेगळ्या अंगाने सांगतात. अपंग माणसाची कमाई कमी होते, हा एक अडथळा. तेवढ्याच पैशात त्याला इतरांपेक्षा कमी गोष्टी साधता येतात, हा दुसरा, आणि गरिबी मोजताना हा दुसरा कुणी मोजत नाही. मला बँकेत जायचं तर रिक्षा लागते, शेजाऱ्याला सिटी बस चालते. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, हातमोजे, एअरबेड, औषधं हा महिन्याचा खर्च शेजाऱ्याच्या घरात नाहीच. संजय गांधी योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाली, हे चांगलंच झालं. पण जखम चिघळली तर एका आठवड्याच्या ड्रेसिंगलाही ती पुरत नाही.

२०११ मध्ये संपूर्ण शरीर निश्चल झालेल्या, फक्त डोळ्यांच्या हालचालीने बोलणाऱ्या लोकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरं देणाऱ्या ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी आहोत असं सांगितलं, १८ जणांनी दुःखी. दुःखी असलेल्यांत कोणत्या गोष्टी दिसल्या? मनाची घालमेल, बोलणं परत न येणं, करमणुकीचा अभाव, आणि घराबाहेर पडता न येणं. ज्याची बोटंसुद्धा हलत नाहीत, त्याच्या सुखदुःखात घराबाहेर पडणं येतं. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

घरी भेटायला जातो तेव्हा आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. तो आमच्या डोक्यातून आलेला नाही, हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये तो मांडला आणि जगभरच्या देशांचं समाधान मोजायला आजही तोच वापरतात. एक शिडी समजा. तळाला शून्य, म्हणजे तुमच्या दृष्टीने वाईटात वाईट आयुष्य. वर दहा, म्हणजे चांगल्यात चांगलं. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? हा प्रश्न तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत कुठेही अडत नाही. अंगठा उठवणाऱ्यालाही कळतो.

आम्ही तो घरातल्या सगळ्यांना विचारतो, फक्त पेशंटला नाही. त्यामुळे काही वेगळंच दिसतं. एका घरात लहानपणी पोलिओ झालेली बाई विड्या वळते. दोन्ही पाय लुळे. चार बायका तिच्या ओट्यावर येऊन बसतात, पानं कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं गप्पांत चालतं. पासबुक तिच्या नावावर आहे आणि ते तिच्याच उशाखाली असतं. ती म्हणाली, सात. त्याच घरात तिची जाऊ आहे, धडधाकट, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी. नवऱ्याचं पिणं, माहेरी जायला बंदी, हातात पैसा नाही. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, तीन. दोन बायकांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण वर सांगितलेल्या अभ्यासांशी हे जुळतं. आपल्या कमाईवर आपला हात, बोलायला माणसं, आपल्या शब्दाला घरात किंमत, रात्रीची झोप, अंग न दुखणं. समाधान यांतून येतं. चालता येणाऱ्यांचं यांतूनच येतं आणि आमचंही यांतूनच येतं. आमच्या बाबतीत एवढंच, की यातली प्रत्येक गोष्ट मिळवायला मध्ये एखादी पायरी, एखादा जिना किंवा एखाद्या माणसाचा ग्रह आडवा येतो.

जन्मापासून किंवा लहानपणापासून अपंगत्व असलेल्यांचं आणि मध्येच अपंगत्व आलेल्यांचं वेगळं असतं, हेही लक्षात घ्या. पोलिओ झालेल्या त्या बाईला चालण्याची आठवणच नाही, ती त्याबद्दल हळहळत बसत नाही. मला तोलून पाहायला आधीचं आयुष्य आहे. डाउन सिंड्रोम, म्हणजे गुणसूत्रांतल्या जन्मजात फरकामुळे बौद्धिक वाढ मंदावणं, असलेल्या २८४ जणांना २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात विचारलं होतं, तेव्हा जवळजवळ ९९ टक्के म्हणाले की आम्ही आमच्या आयुष्यात खूश आहोत. ही माणसं आधार देणाऱ्या संघटनांशी जोडलेल्या घरांतली होती, त्यामुळे आकडा थोडा चढा असेल. तरीही बाळंतपणाच्या वॉर्डात अशा बाळाच्या आईशी बोलणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असला पाहिजे असं मला वाटतं. त्या आईला तुम्ही हृदयाची तपासणी करायला सांगता, थायरॉइडची सांगता. ही मुलं मोठी होऊन स्वतःबद्दल काय सांगतात, तेही सांगा.

शिडीच्या प्रश्नानंतर आमचा दुसरा प्रश्न असतो: एक पायरी वर जायला काय झालं पाहिजे? आणि तिथे जी उत्तरं येतात, ती मला कुठल्याच अहवालात सापडली नाहीत. अक्कलकोटच्या बाजूचा एक तरुण चिंचेच्या झाडावरून पडला. डिस्चार्ज घेऊन घरी गेला तो खोलीतून बाहेरच आला नव्हता. पायरी विचारली तर दोन म्हणाला. काय हवं, तर म्हणाला, "उंबरा." दगडी, वीतभर उंच उंबरा होता. व्हीलचेअर तिथे अडायची, आणि रोज दोन माणसांनी उचलायचं म्हणजे त्याला लाज वाटायची. भावाने उंबरा फोडला, सिमेंटचा उतार केला. तो देवळाजवळच्या पारावर जाऊन बसायला लागला. पुढच्या भेटीत चार म्हणाला, आणि लगेच विचारलं की आता कामाचं काय. अजून काम मिळालेलं नाही, आणि मला ठाऊक आहे की त्याचा चार तिथेच अडलेला आहे.

सोलापुरात हे उंबरे बरेच आहेत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेही अवेळी. खुर्चीत बसून हंडे-बॅरल भरता येत नाहीत, म्हणजे पाण्याच्या दिवशी दुसऱ्याच्या सवडीवर राहायचं. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. मानेजवळ इजा झालेल्यांना इजेखालच्या भागात घाम येत नाही, अंग तापत राहतं. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या अशा माणसाला तुम्ही डिस्चार्जच्या कागदावर उन्हाबद्दल एक ओळ लिहून दिलीत, तर ती औषधाइतकीच उपयोगी पडेल. ओले कपडे, पाण्याचा फवारा, दुपारी शेजारच्या स्लॅबच्या घरात बसणं. माझ्या ओळखीत हे कुणालाच दवाखान्यातून सांगितलेलं नव्हतं, एकमेकांकडून कळलं.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा सोलापूरकर कुठेही असला तरी त्याचं मन तिकडे असतं. मणक्याला मार लागल्यावर त्या गर्दीत जायचं कसं, हा प्रश्न वैद्यकीय नाही म्हणून तो तुम्हाला कुणी विचारत नाही. पण अक्षता टाकायला जाता आलं की नाही, यावर आमच्याकडच्या एखाद्या माणसाचं ते अख्खं वर्ष कसं गेलं ते ठरतं. लघवीची वेळ सांभाळणं, कॅथेटर स्वतः स्वच्छ पद्धतीने घालायला शिकणं, हे ज्याला कुणी धीराने शिकवलं तो जातो. ज्याला शिकवलं नाही तो घरी बसतो. मूत्राशय सांभाळायला शिकवणारी नर्स माझ्या दृष्टीने समाधानाची सगळ्यात मोठी डॉक्टर आहे. हे शिक्षण डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटांत उरकण्यासारखं नाही.

आता तुमच्या दारापाशी येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ सरकारी दवाखान्यांबरोबर खाजगी दवाखान्यांच्याही सर्व भागांत अडथळ्याविना प्रवेश असावा असं सांगतं, आणि तपासणीत व उपचारांत प्राधान्यही सांगतं. आपल्या शहरात पहिल्या मजल्यावरचे, अरुंद जिन्याचे किती दवाखाने आहेत, हे तुम्ही रोज पाहता. जागा जुनी आहे, भाड्याची आहे, लिफ्ट बसत नाही, या अडचणी खऱ्या आहेत, मी त्या खोट्या ठरवत नाही. पण खाली उतरून रिक्षात तपासणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत, आणि आठवड्यातून एक दिवस ओळखीच्या तळमजल्यावरच्या दवाखान्यात बसणारेही. इच्छा असली की एवढं होतं. तपासायचं टेबल उंच असतं, म्हणून आमच्या कितीतरी जणांना खुर्चीतच वरवर तपासलं जातं आणि पाठीवरची जखम महिनाभर कुणाला दिसत नाही.

आणि बोला आमच्याशी. "यांना काय त्रास होतोय?" हा प्रश्न माझ्याकडे न बघता माझ्या भावाला विचारला जातो. अंध माणसासोबत आलेल्याला विचारला जातो. ऐकू न येणाऱ्या मुलीच्या तपासणीत सगळं आईच्या तोंडून चालतं, आणि आईसमोर जे सांगायचं नाही ते ती मुलगी कधीच सांगू शकत नाही. तिला लिहिता येत असेल तर कागद द्या, मोबाइलवर टाइप करू द्या. आपल्याबद्दलचा निर्णय आपल्यासमोर, आपल्याला विचारून होणं, याचा समाधानाशी काय संबंध आहे, हे तुम्ही स्वतः एकदा पेशंट होऊन दवाखान्यात पडला असाल तर मी सांगायला नको.

उदासीबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचं आहे. आमच्यातला एखादा जेवत नाही, बोलत नाही, मरणाचं बोलतो, तेव्हा घरचे म्हणतात, "पाय गेले, उदास असणारच." तुमच्यातलेही काही जण तसंच म्हणतात आणि पुढचा केसपेपर घेतात. पाय शाबूत असलेला माणूस असं बोलला असता, तर तुम्ही त्याला मानसोपचाराकडे पाठवलं असतं. आजार तोच आहे, औषध तेच आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आमच्यासाठीही तोच आहे. आमचं दुःख स्वाभाविक ठरवलं की त्यावर उपचार होत नाहीत. वेदनेचंही तसंच. जिथे संवेदना नाही तिथेसुद्धा आग होते, वीज चमकल्यासारखं होतं. "तिथे तुम्हाला काही जाणवतच नाही, मग दुखतं कसं" असं म्हणून परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत. मज्जातंतूंच्या या दुखण्यावर वेगळी औषधं असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती दिली जावीत.

सांभाळणाऱ्यांचा प्रश्न तर याहून मागे पडलेला. बहुतेक घरांत ती बायको असते किंवा आई. मी जेव्हा माझ्या बायकोला शिडी विचारली, तेव्हा तिने माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खालचा आकडा सांगितला. तिची पाठ गेली आहे मला उचलून. उचलायची पद्धत असते, सरकायची फळी असते, हे तिला फार उशिरा कळलं. मतिमंद मुलांच्या आईवडिलांना "आमच्यामागे काय" हा एकच प्रश्न झोपू देत नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. कायदेशीर पालक नेमायची सोय आहे. ही माहिती देणारा एक कागद तुमच्या ओपीडीच्या भिंतीवर लावला, तरी काही घरांत त्या रात्री झोप लागेल.

म्हणून माझी मागणी अशी आहे. नातेवाइकांशी बोलताना शरीराबद्दल जे खरं आहे ते पूर्ण सांगा. चालता येणार नाही असं असेल तर तसंच सांगा, खोटी आशा आम्हालाही नको, ती पुढे जास्त महाग पडते. पण आयुष्याबद्दल बोलायची वेळ आली, की थांबा, आणि म्हणा, "याबद्दल तसं आयुष्य जगणाऱ्यांशी बोला." तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी फेरतपासणीला आला की लघवी, जखम, रक्तदाब यांच्यासोबत शिडीचा आकडा केसपेपरवर लिहा, आणि एक पायरी वर जायला काय हवं तेही लिहा. एक मिनिट लागतं. वर्षभराने ते कागद एकत्र ठेवून पाहा. सोलापुरातल्या माणसांचं समाधान कुठे अडतं, हे सांगणारी माहिती आज कुणाकडेच नाही, महापालिकेकडे नाही, जिल्हा परिषदेकडे नाही. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कशावर करावा, हे ठरवायला त्यांना तुमच्या केसपेपरांइतका चांगला आधार दुसरा मिळणार नाही.

आणि आम्हाला बोलवा. नवा पेशंट स्थिर झाला, त्याची आणि घरच्यांची हरकत नसली, की वॉर्डात आमच्यातल्या एकाला अर्धा तास बसू द्या. आम्ही उपचारांबद्दल अवाक्षर बोलणार नाही. घरी गेल्यावर संडासात जायचं कसं, खाटेवरून खुर्चीत सरकायचं कसं, ओळखपत्राचे कागद कुठले लागतात, बायकोशी काय बोलायचं, एवढंच बोलू. आमच्यात मणक्याची इजा झालेले आहेत, पाय गेलेले आहेत, मोठेपणी नजर गेलेले एक निवृत्त शिक्षक आहेत, विड्या वळणाऱ्या त्या बाईही आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू, चारही भाषा आम्हाला येतात. पैसे नकोत. वॉर्ड वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे का, तेवढं आदल्या दिवशी कळवा.

आपला,
पूर्व भागातला एक हिशेबनीस, सोलापूर